बाराव्या फर्म्यातली चेटकीण

तीर्थरूप मावशी,

तुला वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले. टेबलाखाली पडलेली सुई शोधत होते, तेवढ्यात नमस्कारही उरकून घेतला.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला अजून सकाळी सकाळी उठवतो का? चष्म्याचा नंबर वाढला असणारच, कारण माझाही वाढलाय, आणि आपल्या घरात चष्म्याचा नंबर ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्या वाटणीवरून आजवर भांडण झालेलं नाही. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य पत्रात लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. त्यात खरं किती, ते पत्र संपल्यावर तुझं तूच ठरव.

मी कोण ते ओळखलं असशीलच. अकरा वर्षांत एकही पत्र न लिहिलेली तुझी ढापणी. तू आईशी भांडून गेलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि माझ्याजवळ तुझा पत्ता नव्हता. आता कुठून मिळाला म्हणशील, तर तूच दिलास. मावशी, तू एवढी विचार करून टोपणनावाने कादंबरी लिहिलीस आणि दुसऱ्या पानावर ‘लेखिकेचा पत्ता’ म्हणून घराचा नंबर, मजला, डावीकडचं दार, सगळं खरंखरं छापलंस. तोंड झाकून चोरी करायची आणि निघताना उंबऱ्यावर आपला पत्ता ठेवून यायचं, त्यातली गत. तरी मी तुला पत्त्यावरून ओळखलं नाही. दुसरं पान माझ्या हातात फार उशिरा आलं. मी ओळखलं ते पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या बादलीवरून. तुझ्या कादंबरीत एक जाड चष्म्याची सहा वर्षांची मुलगी खळीच्या बादलीत डोक्यावर पडते आणि मावशी तिला पाय धरून वर ओढते. हा प्रकार जगात एकाच मुलीच्या बाबतीत झालेला आहे आणि ते केस अजून एका बाजूला उभेच राहतात.

पण मी फार पुढे गेले. मूळ मुद्दा असा की तुझी कादंबरी बांधायला आमच्याकडेच आली. प्रकाशकाला बिचाऱ्याला काय माहीत? त्याला बांधणी पक्की हवी होती, आणि पक्क्या बांधणीत आईचा हात धरणारं कोणी नाही, हे तूही नाकबूल करणार नाहीस. एका सकाळी छापखान्यातून पाचशे प्रतींचे ताव आले आणि आपल्या लांब टेबलावर ढीग करून ठेवले. कुमारवयीन मुलांसाठी रहस्यकथा, चेटूक आणि दोन बहिणींचा हेवा, पानं एकशे ब्याण्णव, म्हणजे सोळा पानांचा एक असे बारा फर्मे. तुला हे सगळं पाठ आहे, पण तू विसरली असशील असं आईचं मत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कारखाना तू सोडून गेलीस तसाच आहे. दुपारी वरच्या काचेतून ऊन येतं आणि कागदाची पांढरी धूळ त्यात इतकी सावकाश तरंगते की बघणाऱ्याला पेंग येते. खळ शिजत असते, सुईवाल्या काकू शिवणीला बसलेल्या असतात (सुई धरलेल्या हातानेच चहाचा कप धरतात, आजवर एकदाही टोचून घेतलेलं नाही), आणि खळवाले बाबा पुठ्ठ्यावर ब्रश फिरवता फिरवता झोपतात. झोपले तरी ब्रश थांबत नाही. कुठल्या कुठल्या पुस्तकांचे ताव छतापर्यंत रचलेले आहेत, हात ठेवायला जागा नाही, आणि खिडकीजवळचं तुझं स्टूल मात्र रिकामं. त्यावर कोणी एक चिठोरंही ठेवायचं नाही. असा काही नियम आईने तोंडाने सांगितलेला नाही. एकदा मी त्यावर पुठ्ठे ठेवले होते, पाच मिनिटांनी ते जमिनीवर होते आणि आई दुसरीकडेच बघत होती.

तोंडाने सांगितलेला नियम एकच: कामावर वाचायचं नाही. वाचणाऱ्याची घडी वाकडी पडते. आई म्हणते, आपण पुस्तकं बांधतो, वाचायला लोक वेगळे असतात. मी मात्र घडी घालताना चोरून वाचते, लहानपणापासून, आणि त्यामुळे मी जी काही पुस्तकं वाचली आहेत ती सगळी उलटीसुलटी. न घडी घातलेल्या तावावर पान एकच्या शेजारी पान सोळा असतं आणि त्यांच्या डोक्यावर आठ आणि नऊ पाय वर करून पडलेली असतात. तुझ्या कादंबरीत धाकटी बहीण जन्माला आली की शेजारच्या पानावर लगेच तिची सावली हरवलेली आहे. मला सवय आहे. जग असंच घडतं असं मी बरीच वर्षं समजत होते.

तर अशी तुकड्यातुकड्यांनी मी वाचत गेले आणि मला त्यात घरचीच माणसं दिसायला लागली. मोठी बहीण चेटकीण आहे अशी धाकटीची हळूहळू खात्री होते, आधी धाकटीचा आवाज जातो, मग सावली, मग वडिलांना तिचं नावच आठवेनासं होतं. आणि ती मोठी बहीण अंबाड्यात सुई खोचते. तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटते. पातेल्यात पांढरं काहीतरी ढवळत बसते, पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावते, राग आला की टेबलावर तीनदा टकटक करते. मावशी, नाव तेवढं घालायचं बाकी ठेवलं होतंस! आणि पुस्तकभर धाकटी तिला ‘ती’ म्हणते. एकदाही ताई म्हणत नाही. मी चष्मा पुसून पुसून शोधलं.

तुमचं भांडण कशावरून झालं ते मला माहीत आहे. मोठ्यांना वाटतं की मुलं झोपलेली आहेत. आजोबांनी जाताना कारखाना आईला दिला आणि त्यांची घडी घालायची हाडाची पट्टी तुला. तुला वाटलं, सगळं घर ताईला आणि मला एक पट्टी. आईला वाटलं, वीस वर्षं राबले मी आणि वडिलांच्या हातातली पट्टी मिळाली हिला, जिला एक घडी सरळ घालता येत नाही. दोघींना वाटलं, वडिलांचा जीव दुसरीवर जास्त. त्यानंतर अकरा वर्षं तोंडाला कुलूप. मी आईची मुलगी आहे आणि बादलीतून तू मला ओढून काढलंयस, मी कोणाच्या बाजूची? मला एवढंच कळत होतं की हे पुस्तक आईने वाचलं तर ते स्टूल त्याच संध्याकाळी जळणात जाईल आणि तू या दारात पुन्हा कधी दिसणार नाहीस. त्या स्टुलासाठी मी पुढचा सगळा मूर्खपणा केला, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

पहिली गडबड काकूंनी केली. त्या शिवता शिवता ओठ न हलवता वाचतात, हे मला तेव्हाच कळलं. तिसऱ्या फर्म्याला त्यांनी आईच्या अंबाड्यातल्या सुईकडे एकदा टक लावून पाहिलं. चौथ्याला आईच्या हातचा चहा नको म्हणाल्या. तुझ्या पुस्तकातली चेटकीण गळलेल्या केसांवर आणि दोऱ्याच्या तुकड्यांवर मंत्र घालते, म्हणून काकू आपले दोऱ्याचे तुकडे वेचून वेचून पिशवीत भरून घरी न्यायला लागल्या. आई खूश! म्हणाली, बावीस वर्षांनी या बाईला स्वच्छता सुचली. काकूंनी खळवाल्या बाबांच्या कानात सांगितलं, पण बाबा घाबरायच्या ऐवजी कामाला लागले. चेटकीण घरातच असेल तर फुकट का दवडायची, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी ते दुखरा गुडघा आईच्या समोर येईल असा पसरून बसायचे, तिची नजर पडावी म्हणून. आई दोनदा त्या गुडघ्याला अडखळली आणि तिसऱ्यांदा कडाडली, की हा पाय आवरा! बाबांनी तो मंत्र समजून दोन्ही हात जोडले. (गुडघा बरा आहे आता. हे कोणाला सांगू नकोस.)

अशात मी बारावा फर्मा पाहिला. ताव पालथा-उलथा न करता वरच्या वर वाचला, ढीग जसा पडला होता तसा. शेवटचं पान, एकशे ब्याण्णव: एक बहीण पुस्तकात शिरलेली, दुसरी पुस्तक मिटते, वर दगड ठेवते आणि दिवा घेऊन निघून जाते. संपलं. धाकटीने मोठीला पुस्तकात कोंडलं आणि गेली! हे आईच्या हातात पडता कामा नये. आई दुपारी पुठ्ठे आणायला गेली तेवढ्यात बाराव्या फर्म्याचे पाचशे ताव मी चार खेपा करून माळ्यावर नेले आणि माझ्या अंथरुणावर, चादरीखाली, नीट पसरून ठेवले. मग दम लागला म्हणून त्यावरच आडवी झाले.

मावशी, तू कधी आपल्याच कादंबरीच्या शेवटावर झोपली आहेस का? झोपून बघ. नव्या शाईचा वास, खालून कारखान्याची घरघर, काचेतून येणारं ऊन पापण्यांवर, आणि अंगाखाली कागद इतका हळू कुरकुरतो की कोणीतरी दुरून आपलं नाव घेतंय असं वाटावं. मला स्वप्न पडलं. सगळीकडे पांढरे ताव वाळत घातलेले, वारा नाही तरी हलणारे, आणि मी त्यांच्यामधून चालतेय, कधी पायावर, कधी डोक्यावर, जशी पानं असतील तशी. शेवटी एका मोकळ्या जागेत तू आणि आई. लहान, परकर नेसलेल्या, पाठीला पाठ लावून उभ्या, आणि दोघींनी डोळे झाकलेले. दोघी शंभरपर्यंत मोजत होतात. दोघींवर राज्य होतं आणि लपलेलं कोणीच नव्हतं. मी ओरडून सांगणार होते की अगं डोळे उघडा, पण माझा आवाज तुझ्या धाकटीसारखा गेलेला. ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. तुम्ही फारच सावकाश मोजत होतात. मला तिथेच बसावंसं वाटत होतं.

जागी झाले ती खालून हाक आली म्हणून. पुस्तकवाल्याचा माणूस दारात उभा, पहिल्या चाळीस प्रती आजच हव्यात, आणि आई अजून यायची होती. चाळीस प्रतींचे अकरा फर्मे शिवून तयार, बारावा माझ्या अंथरुणात. आता मी काय केलं ते शांतपणे वाच. कोपऱ्यात मधमाशीपालनाच्या पुस्तकाचे फर्मे पडले होते. तोच आकार, तोच कागद, पानांचे आकडेही तेच, कारण तेही बारा फर्म्यांचंच. मी त्याचा बारावा उचलला आणि तुझ्या अकराव्यामागे लावला. काकूंनी शिवलं, बाबांनी चिकटवलं, चाळीस प्रती दाबातून निघून कापून गेल्या. विचार असा होता की निदान चाळीस लोकांना तरी आई पुस्तकात कोंडलेली दिसू नये. त्या वेळी तो फार शहाणपणाचा वाटला होता.

तेव्हा तुझ्या कादंबरीच्या चाळीस प्रतींमध्ये एकशे शहात्तराव्या पानावर चेटकीण दार उघडून धाकटीला म्हणते, ये जवळ, आणि एकशे सत्त्याहत्तराव्या पानावर लिहिलंय की पेटीजवळ घाई न करता जावे, अंगात सैल कपडे असावेत, आणि एका पेटीत दोन राण्या झाल्यास वेळीच पेटी वेगळी करावी, त्यात कोणत्याच राणीचा दोष नसतो. काकू शिवता शिवता रडल्या. म्हणाल्या, काय शेवट केलाय बाईने! त्यांना अजूनही वाटतं की त्या दोघी शेवटी मधमाश्या झाल्या. त्या रात्रीपासून नाही, त्याच घटकेपासून त्या आईच्या हातचा चहा पुन्हा घेतात.

आई आली. उरलेल्या प्रतींसाठी फर्मे उचलायला तिने टेबलाला फेऱ्या सुरू केल्या. तू ती चाल विसरली नसशील: एक, दोन, तीन, एकेक फर्मा हातावर, ओठांवर आकडे, शेवटचा उचलला की पुन्हा पहिल्यापासून. उन्हात ती गोल गोल फिरत होती, धूळ तिच्यामागून फिरत होती, बाबांनी आपोआप गुडघा पुढे केला. आणि मलाही, खोटं का बोलू, एक क्षणभर ती चेटकीणच वाटली. बारा म्हणून तिने हात पुढे केला तर हातात मधमाश्या. ती थांबली. पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जवळ आली आणि माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. झोपेत माझा गाल चादरीवरून घसरून ओल्या शाईवर टेकला होता. गालावर एकशे ब्याण्णव उमटलेलं, आरशात दिसतं तसं उलटं. आईला उलटे आकडे वाचायची सवय आहे. ती तडक माळ्यावर चढली.

मी मागोमाग गेले. ती माझ्या अंथरुणाच्या कडेला बसली होती. तिने एक ताव उचलला, घडी घातली, पुन्हा घातली, तिसऱ्यांदा घातली, अंबाड्यातली सुई काढून कडा उघडल्या आणि वाचायला लागली. मावशी, मी आईला आयुष्यात पहिल्यांदा वाचताना पाहिलं. सोळा पानं, क्रमाने, दोन्ही बाजू. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तावाची वरची बाजूच वाचली होती. एकशे नव्वद आणि एकशे एक्क्याण्णव मागच्या बाजूला असतात. तिथे धाकटी म्हणते की चेटूक मीच केलं होतं, हेव्याने, माझा आवाज मीच लपवला आणि नाव मोठीवर घातलं, आणि मग ती स्वतः पुस्तकात शिरते आणि मोठीला म्हणते, मीट. दिवा घेऊन जाते ती मोठी. हे मला आईच्या खांद्यावरून वाचून कळलं, आणि मी रडले. आई नाही रडली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

मग म्हणाली, “ही चेटकीण खळीत मीठ घालते.”

मला काही कळेना. आई चिडली होती, खरोखर चिडली होती. चेटकीण म्हणावं, पुस्तकात कोंडावं, काय वाटेल ते करावं, पण खळीत मीठ? म्हणजे इतकी वर्षं शेजारी बसून हिने एकदाही पातेल्यात पाहिलं नाही? मी विचारलं, आई, हे पुस्तक मावशीचं आहे हे तुला माहीत होतं? तर म्हणाली, पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या पानावर पत्ता आहे की. मी म्हटलं, पण तुला तिचा पत्ता कुठे ठाऊक होता? त्यावर ती उठली आणि ताव गोळा करायला लागली, आणि त्या तावांशीच बोलल्यासारखं हळूच म्हणाली की अकरा वर्षं पाठ आहे, लिहायचं तेवढं राहून गेलं.

सोबत तुझी प्रत पाठवते आहे. ही आईने स्वतः शिवली, पुठ्ठा स्वतः मढवला, कोणाला हात लावू दिला नाही. पत्र लांबलं. खोकल्याला जप.

तुझी,
ढापणी

ता. क. त्या चाळीस प्रती परत मागवता आल्या नाहीत, कारण पुस्तकवाला म्हणतो की त्याच जास्त खपल्या. तुला कोणी मधमाश्यांबद्दल विचारलं तर कृपा करून म्हण, की हो, मी तसंच लिहिलंय. एवढी एक विनंती. हे पत्र मुळात त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. नाही, त्यासाठी नाही. तुझ्या प्रतीचा शेवटचा फर्मा जरा बाहेर आलेला दिसेल. ती चूक नाही. आईने त्याच्या कडा कापलेल्याच नाहीत, सोळाही पानं बंद आहेत, आणि शिवायच्या आधी तिने आत पेन्सिलने काहीतरी लिहिलंय. मी फटीतून बघायचा प्रयत्न केला, एकशे नव्वदच्या समासात काहीतरी आहे एवढंच दिसलं. ती म्हणते, वडिलांची पट्टी आहे ना तिच्याकडे, काप म्हणावं. पण मावशी, तुला सरळ कापता येत नाही. पानं फाटतील. तू पट्टी घेऊन इकडेच ये.

ता. क. ३. पत्र टेबलावर ठेवून मी जरा खळ ढवळायला गेले होते. परत आले तर खाली एक ओळ वाढलेली. ती माझी नाही. खोडत नाही, तशीच पाठवते.

खळीत तुरटी घालतात. स्टूल पुसून ठेवलं आहे.
— ताई